वेगाचा उपासक : बर्ट मन्रो

गतवर्षी पावसाळा सरता सरता आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत आम्हांस गाठले. त्याच्या वडील भावाने लांबच्या प्रवासासाठी एक जुनी, दणकट मोटारसायकल विकत घेतली होती, आणि तिला नवे रूप देण्याचा बेत दोघा भावांनी मिळून योजिला होता. मुलाच्या हाती एक वही होती. तीत बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांची यादी त्याने सुवाच्य अक्षरांत उतरून काढली होती : मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद टायर, वारा अडविणारी काच, उंच हँडल, दुप्पट प्रकाशाचे दिवे. यांपैकी आधी काय बसवावे, असा त्याचा प्रश्न होता. आम्ही भाषेचे शिक्षक. परंतु गेली बारा वर्षे एका जुन्या फटफटीवरून शाळेत येत असल्यामुळे या विषयातही आमचा अधिकार असावा, अशी त्याची समजूत झाली होती.

ही समजूत फारशी खरी नव्हती, हे आम्ही जाणून होतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच दोन झगझगीत दिवे गाडीला लावून घेतले आणि त्यांचा थाट मिरवीत चोर्ला घाटातून बेळगावास निघालो. दिव्यांकडे पाहता पाहता साखळीकडे पाहावयाचे मात्र आमच्याकडून राहून गेले होते. कित्येक महिन्यांत तिला तेलाचा थेंब मिळाला नव्हता, की तिचा ताण कोणी तपासला नव्हता. ऐन चढणीवर ती दात सोडून निसटली, आणि ते दोन्ही सुंदर दिवे मिरवणारी गाडी आम्ही भर उन्हात मैलभर ढकलीत नेली. चूक सर्वस्वी आमचीच होती.

हा अनुभव त्या विद्यार्थ्यास सांगून आम्ही त्याची वही परत करू शकलो असतो. तथापि केवळ उपदेशाने तरुणांचे समाधान होत नाही, हे शिक्षकाच्या पेशात लवकर कळते. म्हणून त्या दिवशी आम्ही त्याला एका अशा मनुष्याची कथा सांगितली, की ज्याने एकच मोटारसायकल सत्तावन्न वर्षे जवळ बाळगली, तिचा जवळजवळ प्रत्येक भाग स्वतःच्या हाताने बदलला, आणि ताशी ५५ मैल धावणाऱ्या त्या यंत्राला ताशी १८३ मैलांच्या पलीकडे नेले. तीच कथा आज या अंकाच्या वाचकांपुढे आम्ही ठेवीत आहोत.

न्यूझीलंड हा देश दोन मोठ्या बेटांचा. त्यांपैकी दक्षिण बेटाच्या अगदी टोकाशी इन्व्हरकार्गिल नावाचे एक नगर आहे. त्याच्या दक्षिणेस थोडी भूमी, मग समुद्र, आणि त्यापलीकडे दक्षिण ध्रुवाकडील बर्फ. अशा या दूरस्थ गावी २५ मार्च १८९९ रोजी हर्बर्ट जेम्स मन्रो याचा जन्म झाला. तो जुळ्यांपैकी एक होता. त्याची बहीण जन्मतःच गेली, आणि हा मुलगाही दोन वर्षांपेक्षा अधिक जगेल असे दिसत नाही, असे त्याच्या आईबापांस सांगण्यात आले. हे भाकीत किती खोटे ठरले, ते पुढे दिसेलच.

त्याचे बालपण इन्व्हरकार्गिलजवळील एडेंडेल येथे वडिलांच्या शेतावर गेले. शेतीची कामे संथ, एकसुरी. मुलाची वृत्ती मात्र वाऱ्याची. घरच्या घोड्यांपैकी सर्वांत चपळ घोडा निवडून तो शेतातून भरधाव सोडणे हा त्याचा आवडता छंद होता, आणि त्याबद्दल वडिलांची बोलणी खाणे हे नित्याचेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात जग पाहण्याची ओढ त्याला लागली होती. परंतु युद्ध संपेपर्यंत तो शेतावरच राहिला. नंतर काही काळ ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर त्याने मजुरी केली. पण वडिलांनी नवी जमीन घेताच त्याला पुन्हा घरी यावे लागले. याच सुमारास त्याच्याकडे बाजूगाडी जोडलेली क्लायनो नावाची एक ब्रिटिश मोटारसायकल आली. त्याने बाजूगाडी काढून टाकली आणि गाडी शर्यतीत उतरविली. अनावश्यक ओझे उतरविणे ही वेगाची पहिली पायरी होय, हा धडा तो विशीतच शिकला होता.

१९२० साली मन्रोने इंडियन स्काउट ही मोटारसायकल विकत घेतली. हे नाव वाचून ही गाडी आपल्या देशात तयार झाली असावी असे कोणास वाटेल, तर तो गैरसमज ठरेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली स्थापन झालेल्या एका कारखान्याने आपल्या गाड्यांना हे नाव दिले होते, आणि ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून घेतलेले होते. स्काउट या गाडीची रचना चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने केली होती. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले, इंजिनाची धारणा सुमारे ६०० घन सेंटिमीटर, आणि कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे जवळजवळ ८८ किलोमीटर. त्या काळच्या खडबडीत रस्त्यांवर हा वेग काही थोडाथोडका नव्हता. प्रवासाला विश्वासू, चालविण्यास सोपी, अशी तिची ख्याती होती. दुसरा कोणी असता तर त्याने ती दहा वर्षे वापरून मोडीत काढली असती. मन्रोने तसे केले नाही. १९२६ च्या सुमारास त्याने तिच्यात फेरफार करावयास आरंभ केला, आणि तो उद्योग अखेरपर्यंत चालू राहिला.

१९२७ मध्ये त्याचा विवाह झाला. पुढे चार मुले झाली. धंदेवाईक शर्यतपटू म्हणूनही त्याने नशीब अजमाविले. पण १९३० च्या आगेमागे जगभर मंदीची लाट आली, आणि तो पुन्हा घरच्या शेतीकडे वळला. नंतर त्याला मोटारसायकलींचा विक्रेता व कारागीर म्हणून काम मिळाले. तेव्हापासून त्याचा दिनक्रम असा : दिवसा दुकानात लोकांच्या गाड्या विकावयाच्या व दुरुस्त करावयाच्या, आणि रात्री आपल्या छपरात बसून स्वतःच्या गाड्यांवर काम करावयाचे. इंडियनच्या जोडीला १९३६ साली बनलेली एक वेलोसेट गाडीही त्याच्या संग्रही होती. अनेकदा रात्र सारी कानस व हातोडा चालविण्यात जाई, आणि डोळ्याला डोळा न लागताच तो सकाळी कामावर हजर होई.

त्याच्या या छपरात डोकावून पाहणे उद्बोधक ठरेल. मन्रो श्रीमंत नव्हता. उंची सुटे भाग मागवावे, निष्णात कारखान्याकडून काम करवून घ्यावे, ही त्याची ऐपत नव्हती. शिवाय ज्या कारखान्याने ती गाडी घडविली, त्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातील उत्पादनच १९५३ साली बंद पडले. आता बाजारातून आणावयाचे तरी काय? म्हणून मन्रोने स्वतःचा बाजार स्वतःच मांडला. जुने, फुटके दट्ट्ये वितळवून तो रस साच्यात ओतावयाचा आणि त्यांतून नवे दट्ट्ये घडवावयाचे. साच्यासाठी रिकामे डबेही चालत. सिलिंडर ओतीव लोखंडाच्या टाकून दिलेल्या नळांतून कापून काढावयाचे. दट्ट्याला जोडणारे दांडे एखाद्या जुन्या यंत्राच्या पोलादी आसातून कोरून काढावयाचे आणि त्यांस भट्टीत पाणी द्यावयाचे. गतिचक्रेही त्याने घरीच केली. सूक्ष्म मापे घेण्यासाठी लोक मायक्रोमीटर वापरतात; मन्रोने त्याऐवजी चाकाची एक जुनी तार वापरली. गोव्यात आम्ही कुशल कारागिराला मेस्त म्हणतो. हाताला माप कळते, डोळ्याला वाक कळतो, आणि साधन नसले म्हणून ज्याचे काम अडत नाही, तो खरा मेस्त. या अर्थाने मन्रो हा पक्का मेस्त होता.

त्याने केलेल्या फेरफारांतील एक विशेष महत्त्वाचा फेरफार विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा. मूळ स्काउटच्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला बसविलेल्या होत्या. ही रचना स्वस्त व टिकाऊ. परंतु इंधन व हवा यांचे मिश्रण वळण घेऊन आत शिरते व जळलेला वायू वळण घेऊनच बाहेर पडतो, त्यामुळे इंजिन वेगाने फिरू लागले की त्याचा श्वास कोंडतो. मन्रोने झडपा सिलिंडरच्या डोक्यावर आणल्या. त्यासाठी नवी डोकी, त्या उघडणारे दांडे, त्यांना हलविणारी उंचवट्यांची चाके, हे सारे नव्याने घडवावे लागले. इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले. पुढे त्याने सिलिंडर अधिकाधिक रुंद केले, आणि ६०० घन सेंटिमीटरची धारणा अखेरीस ९५० च्या आसपास गेली. एवढ्या शक्तीचा भार मूळच्या दंतचक्रांना सोसणारा नव्हता. म्हणून इंजिनाची शक्ती पुढे नेण्यासाठी त्याने तिहेरी साखळीची योजना केली. एक भाग बळकट केला की त्याच्या शेजारचा भाग दुर्बळ ठरतो, आणि तोही बळकट करावा लागतो. यंत्रसुधारणेचा हा नियम त्याने पदोपदी अनुभवला.

आणि अपयश? ते तर त्याच्या घरचेच होते. दट्ट्ये फुटत, दांडे मोडून इंजिनाच्या कवचातून बाहेर येत, झडपा जळून जात. अनेक आठवड्यांचे श्रम एका क्षणात धातूच्या चुऱ्यात जमा होत. मन्रोने हे मोडके भाग फेकून दिले नाहीत. छपरातील एका फळीवर ते ओळीने मांडून ठेवले, आणि वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य म्हणून त्यांची तेथे नोंद केली. यात विनोद आहे. पण त्याच वेळी फार मोठे शहाणपणही आहे. मोडलेला भाग हा कारागिराचा गुरू होय. तो कोठे तडकला, कोणत्या बाजूने झिजला, उष्णतेने निळा पडला की वंगणावाचून ओरखडला, हे वाचता आले तर पुढचा भाग अधिक चांगला होतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर त्या न पाहता दप्तरात कोंबणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या फळीची आठवण ठेवावी.

इन्व्हरकार्गिलनजीक ओरेटी नावाचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी तेथील ओली वाळू घट्ट होते, आणि तिच्यावर गाड्यांच्या शर्यती चालत. आम्हां गोवेकरांना किनारा म्हटला की मासेमारांच्या होड्या व माडांच्या रांगा आठवतात. मन्रोला किनारा म्हणजे प्रयोगशाळा होती. रात्री केलेला बदल तेथे नेऊन पाहावयाचा, वेळ मोजावयाची, आणि पुन्हा छपराकडे परतावयाचे. १९३८ मध्ये त्याने न्यूझीलंडमधील वेगाचा आपला पहिला विक्रम नोंदविला, आणि पुढे त्या देशात आणखी सात विक्रम केले.

परंतु या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाता येत नाही. चरित्रलेखक बहुधा ती झाकून ठेवतात. दिवसा दुकान व रात्री छप्पर असा ज्याचा काळ जातो, त्याच्या घराला त्याचा काळ मिळत नाही. १९४७ मध्ये मन्रो दांपत्य कायमचे विभक्त झाले. नंतर लवकरच त्याने नोकरीही सोडली आणि यंत्रांच्या त्या छपरातच आपला बिछाना मांडला. एक खाट, एक लेथ, दोन मोटारसायकली, असा त्याचा नवा संसार. त्याचा निग्रह थोर होता यात संशय नाही. परंतु त्या निग्रहाचे मोल त्याने एकट्याने दिले नाही, हेही तितकेच खरे. ध्येयनिष्ठेचे गोडवे गाताना हा हिशेब आपण विसरू नये असे आम्हांस वाटते. ज्यांनी काही मागितले नाही व ज्यांचे नाव कोठे झळकले नाही, अशी माणसे प्रत्येक थोर पुरुषाच्या घरी असतात.

आता या कथेतील प्रमुख भागाकडे वळू. अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. प्राचीन काळी तेथे एक प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि मागे मिठाचा पांढरा शुभ्र, सपाट थर उरला. उन्हाळ्यात तो कोरडा पडून टणक होतो. मैलोगणती ना झाड, ना वळण. त्यामुळे वेगाचे विक्रम करणारे लोक जगभरातून तेथे जमतात. विक्रमाची रीतही काटेकोर आहे : ठरलेले अंतर एकदा एका दिशेने व एकदा उलट दिशेने कापावे लागते, आणि दोन्ही धावांची सरासरी धरली जाते, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणास मिळू नये.

तेथे जाण्याची मन्रोची जुनी आकांक्षा होती. याच काळात एक गमतीचा प्रसंग घडला. १९५७ साली एका अमेरिकन मासिकाने त्याच्या नावाचे स्पेलिंग एका स्वराच्या फरकाने छापले. ते सुधारण्याच्या खटपटीत न पडता मन्रोने स्वतःचेच स्पेलिंग बदलून टाकले! ज्याने गाडीचा एकही भाग मूळचा ठेवला नाही, त्याने नावातील एक अक्षर बदलले यात नवल ते काय?

बॉनव्हिलसाठी गाडीभोवती हवा कापणारे कवच आवश्यक होते. यामागील गणित आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ५५ मैलांवरून ताशी १८३ मैलांवर जावयाचे म्हणजे वेग सुमारे ३.३ पट करावयाचा. परंतु आकार तोच ठेवला तर केवळ हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ३७ पट होते! जुन्या इंजिनातून एवढी शक्ती काढणे अशक्यप्राय. म्हणून हवेचा विरोधच कमी केला पाहिजे. मन्रोने गाडीला लांबट, निमुळते कवच बनविले. त्यात तो पोटावर पडल्यासारखा पुढे वाकून बसत असे, आणि अंग एवढे आक्रसून घ्यावे लागे की हालण्यास जागा उरत नसे. लांबच्या प्रवासाच्या गाड्यांना पुढे जी काच व कवच लावतात, त्यांचे तत्त्व हेच. तेथे हेतू चालकाचा थकवा कमी करण्याचा असतो, एवढाच फरक.

१९६२ च्या उन्हाळ्यात पॅसिफिक महासागर ओलांडून मन्रो आपल्या इंडियनसह बॉनव्हिलला पोहोचला. वय ६३ वर्षे. गाडीचे वय ४२. भोवती तरुण चालक, अद्ययावत यंत्रे, पाठीशी कारखाने व यंत्रज्ञांचे ताफे. आणि त्यांच्यात हा जाड भिंगांचे गॉगल व जुने कपडे ल्यालेला, साऱ्यांशी हसून बोलणारा म्हातारा. शिवाय ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवर आहे. तेथील हवा विरळ. ओरेटीच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पातळीवर जुळविलेले इंजिन तेथे वेगळ्या मिश्रणावर जुळवावे लागते. या साऱ्या अडचणी पार करून त्याने ८८३ घन सेंटिमीटरपर्यंतच्या वर्गात ताशी सुमारे १७९ मैलांचा, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. त्या वेळी त्याच्या इंजिनाची धारणा ८५० घन सेंटिमीटर होती.

तो तेथेच थांबला असता तरी त्याचे नाव राहिले असते. परंतु तो पुन्हा पुन्हा त्या मिठाकडे जात राहिला; एकंदर दहा वेळा त्याने ती वारी केली. १९६६ मध्ये १००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या वर्गात ताशी १६८ मैलांचा विक्रम त्याच्या नावे लागला. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ४७ वर्षांच्या जुन्या गाडीवर त्याने ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटर, अशी नोंद केली. या वेगाने एक मैल कापण्यास २० सेकंदही लागत नाहीत. पात्रता मिळविण्यासाठी केलेल्या एका दिशेच्या धावेत तर तो ताशी १९० मैलांवर गेला होता.

त्याच वर्षीची एक धाव मात्र त्याच्या जिवावर बेतली होती. अर्ध्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी थरथरून डोलू लागली. वेग कमी व्हावा म्हणून त्याने कवचातून अंग वर काढले, तोच वाऱ्याच्या लोटाने त्याचे गॉगल उडवून नेले आणि डोळ्यांपुढे अंधार झाला. गाडी आखलेल्या काळ्या रेषेपासून दूर भरकटत गेली. खुणेसाठी रोवलेला एक लोखंडी खांब अवघ्या काही इंचांनी चुकला. अखेर त्याने गाडी जाणूनबुजून आडवी पाडली. थोड्या खरचटण्यावर निभावले, हे त्याचे दैव. येथे आमच्या तरुण वाचकांस एक गोष्ट बजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे. मन्रोने टायरांची नक्षी सुरीने तासून काढली, मृत्यूशी पैज लावली, हे सारे निर्जन मैदानावर, केवळ स्वतःच्या जिवावर. आपला रस्ता मैदान नव्हे. तेथे शाळेत जाणारी मुले असतात, गुरे असतात, भाजीची टोपली घेतलेली म्हातारी असते. टायरावरील नक्षी पावसाच्या पाण्याला वाट करून देते. ती झिजली की ओल्या रस्त्यावर ब्रेकही निरुपयोगी होतो. मन्रोचे साहस पूजावे. अनुकरण करावे ते त्याच्या परिश्रमांचे.

१९७१ साली रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने मन्रोवर एक माहितीपट काढला. मन्रो थकत चालला होता. तरी गाडीवरचे काम सुटले नव्हते. १९७७ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि हातापायांतील मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या हातांनी लोखंडाला आकार दिला, ते हात आता सांगितलेले ऐकेनात. आपल्या गाड्या परदेशी जाऊ नयेत, आपल्याच मुलखात राहाव्यात, ही त्याची इच्छा. म्हणून त्याने त्या गावातीलच एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यास विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. दोन वर्षांपलीकडे जगणार नाही असे ज्याच्याविषयी सांगितले गेले होते, तो इतके जगला.

मरणोत्तर त्याची कीर्ती वाढतच गेली. २००५ मध्ये डोनाल्डसननेच त्याच्या जीवनावर एक चित्रपट काढला आणि त्यात मन्रोची भूमिका अँथनी हॉपकिन्स या श्रेष्ठ नटाने केली. २००६ मध्ये अमेरिकेतील मोटारसायकलपटूंच्या सन्मान्य नामावलीत त्याचे नाव घेण्यात आले. परंतु या सर्व सन्मानांहून आमच्या मनाला अधिक भिडलेली हकीकत निराळीच आहे.

१९६७ च्या त्या विक्रमाचे आकडे मन्रोचा मुलगा जॉन याने पुढे केव्हा तरी बारकाईने पाहिले. त्याच्या लक्षात आले, की सरासरी काढताना गणितात चूक झाली आहे. त्याने संबंधित संस्थेस कळविले. संस्थेने हिशेब पुन्हा तपासला, चूक मान्य केली, आणि २०१४ साली, मन्रोच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, तो विक्रम ताशी १८४.०८७ मैल असा सुधारून नोंदविला. फरक अवघा अर्ध्या मैलाचा! कोणी म्हणेल, एवढ्यासाठी खटाटोप कशाला? पण जरा विचार करा. ज्या घराला सोडून तो मनुष्य यंत्रांच्या छपरात राहावयास गेला, त्याच घरातील मुलाने बापाचा अर्धा मैल बापाला मिळवून दिला. मन्रोने त्या घराला किती दिले व किती दिले नाही, हा हिशेब आम्ही बाहेरच्यांनी मांडावयाचा नाही. मुलाने कोणता हिशेब मांडला, तो मात्र जगापुढे आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या यादीकडे पुन्हा वळू. मन्रोची कथा ऐकून त्याने विचारले, की मग आपण यादीतील आधी काय आणावे? आम्ही त्यास सांगितले, की आधी काहीच आणू नये. प्रथम गाडी ओळखावी. साखळी धुऊन तिला वंगण द्यावे व तिचा ताण पुस्तकात दिल्याप्रमाणे जुळवावा. टायरांतील हवा थंड असताना मोजावी. इंजिनातील तेल वेळेवर बदलावे. ब्रेकचे अस्तर किती उरले ते पाहावे. प्रत्येक नट व बोल्ट हाताखालून घालावा. जे आहे ते निरोगी झाल्यावर मग नव्याचा विचार करावा. तोही एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर काय सुधारले, काय बिघडले, याची नोंद. दोन बदल एकदम केले की कोणाचा गुण व कोणाचा दोष, ते कळत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यादीतून अजिबात काढून टाकावा. आवाजाने गाडी वेगवान होत नाही, केवळ शेजाऱ्यांची झोप मोडते.

दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. नखांत काळे तेल, चेहऱ्यावर आनंद. भावाच्या साहाय्याने त्याने साखळी स्वतः जुळविली होती. ब्रेकचे अस्तर पार झिजलेले आढळले, तेही दोघांनी बदलले. यादीतील फक्त वारा अडविणारी काच तेवढी आणली, कारण भावाला दूरच्या गावी नोकरीसाठी जाता-येता वाऱ्याचा त्रास होई. ते झिजलेले अस्तर त्याने कागदात गुंडाळून आम्हांस दाखविण्यासाठी आणले होते. घरी आपणही एक फळी ठोकली आहे, असे त्याने किंचित लाजत सांगितले.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी फार थोडे मोटारसायकलींचे विक्रम करतील. कोणी करूही नयेत, असे आपल्या मातापित्यांस वाटेल, आणि आम्हीही त्यांच्याच बाजूचे आहोत. परंतु प्रत्येकाच्या वाट्यास काही तरी जुने, साधे, कमी शक्तीचे येतेच : कोणाला गाडी, कोणाला शेत, कोणाला बुद्धी, कोणाला प्रकृती. त्याच्याविषयी कुरकुर करीत बसावे, की ते रोज थोडे तपासावे, पुसावे, जुळवावे व वाढवावे, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावयाचा आहे. मन्रोला ५५ मैलांची गाडी मिळाली होती. ती त्याने कोठवर नेली, ते आपण पाहिले. आणि रात्री छपरातील दिवा मालवून घरी केव्हा परतावे, हे त्याला साधले नाही. ते आपणांस साधावे, अशी आमची शुभेच्छा आहे.